चढावर दम खाणारा सेकंदकाटा

तीर्थरूप अक्का,

वाकून नमस्कार. (वाकलो तेव्हा चक्कर आली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.) तुझं डोकं कसं आहे? दाजींचा गुडघा? इकडे सगळे ठीक, आणि त्या सगळ्यांत मीही आलो, ही या घरातली मोठी बातमी.

माझं हृदय निकामी होत चाललंय, असं मी धरून बसलो होतो, हे तुला ठाऊकच आहे. छातीत धडधड, हातांना घाम, झोप नाही. एक दवाखाना झाला की दुसरा. कंपाउंडर लांबूनच विचारायचा, "काय काका, आज छाती की पोट?" तुझी भावजय म्हणाली, "तिकडेच अंथरूण टाका, मी डबा पाठवते." तपासण्या सगळ्या चांगल्या यायच्या आणि त्यानं मी जास्तच घाबरायचो, कारण ज्या यंत्राला दोष सापडत नाही ते यंत्रच बिघडलेलं, हा आमच्या घड्याळवाल्यांचा हिशेब. देवापुढे नाम घ्यायला बसलो तरी ठोकेच मोजले जायचे. देव ऐकत असेल तर त्याला वाटलं असेल, हा माझं नाव घेतोय की मला आकडे लिहून देतोय?

दुकानात तर कामाला हात लागत नव्हता. उघडलेली घड्याळं तशीच पडून, मी खुर्चीत मनगट धरून. समोरच्या भिंतीवर मोठ्या तबकडीचं एक घड्याळ होतं, त्यावर नाडी मोजायची. रोज वाढलेली! पोरीचं लग्न बघायला मिळत नाही, अशी खात्री झाली. किल्ल्या कुठे, कागद कुठे, सगळं तिच्या आईला सांगून ठेवलं.

मग एके सकाळी शेजारचा शिंपी आला. म्हणाला, "माझं घड्याळ द्या की आता." मी म्हटलं, कुठलं? त्यानं भिंतीकडे बोट केलं. "मागे पडतं म्हणून तर टाकलं होतं तुमच्याकडे. काटा वर चढताना दम खातो."

अक्का, मी बघतच राहिलो. सहापासून बारापर्यंत तो सेकंदकाटा म्हाताऱ्यासारखा थांबत थांबत चढत होता. त्याचं मिनिट संपेपर्यंत माझं हृदय जास्तीचे ठोके देणार नाही तर काय करणार? इतकी वर्षं लोकांची घड्याळं लावणारा मी, दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर स्वतःचं मरण मोजत होतो! शिंपी गेल्यावर एकटाच हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

इथं पत्र संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच संध्याकाळी चांगल्या घड्याळावर नाडी मोजली, हवी तेवढीच आली, आणि धडधड मात्र तशीच. मग खरा घाबरलो. आता दोष कुणाला द्यायचा?

नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आपल्या पोरीहून थोड्या मोठ्या असतील. त्यांनी छातीला नळी लावली, ठेवून दिली आणि विचारलं, "काका, एखादं काम मन लावून शेवटचं कधी केलंत?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. (कंपाउंडरनं दार हळूच ओढून घेतलं. माणूस चांगला आहे.) त्या म्हणाल्या, चिंतेचा आजार आहे, सोबत नैराश्य. दवाखान्यात वारंवार येणाऱ्या पुष्कळांना असतं, पण ते छाती दाखवतात आणि डॉक्टर छातीच बघतात. हे खरं दुखणं आहे, नाटक नाही, आणि यावर उपाय आहे. रोजची एक गोळी, आणि ठरलेल्या दिवशी जाऊन मनातलं बोलायचं. लगेच फरक पडणार नाही, असंही बजावलं.

वेडा ठरलो असं वाटायला हवं होतं. पण खांद्यावरचं पोतं कुणीतरी खाली उतरवून घेतल्यासारखं झालं. शिंप्याचं घड्याळ दुरुस्त करून दिलं. परवा नाम घेताना आकडे आले नाहीत. आले, पण थोडे.

तुझा,
धाकटा

ता. क. : बोलायला जाताना घरचं कुणी सोबत असलं तर बरं, असं बाई म्हणाल्या. तू चार दिवस येऊन जा.

ता. क. : खरं सांगतो, तुझी भावजय येते माझ्यासोबत. दाजींनी फोनवर सगळं सांगितलं. तुझ्या डोक्याच्या तपासण्या चांगल्या येतात, तरी तू आणखी एक डॉक्टर शोधतेस आणि संध्याकाळी मोरीत नळ सोडून रडतेस. अक्का, तू ये. बाहेरच्या बाकावर मी बसतो. ते बाक माझ्या ओळखीचं आहे.

ता. क. : हे लिहिताना एकदाच नाडी बघितली. घड्याळ बरोबर होतं.