मोडक्या पिसाचं शटल

जाकार्ता

लाडके पपा,

तुम्हाला आणि मम्मीला दोन्ही गालांवर मुके. मी मजेत आहे. भात पोटभर मिळतो. खांदा अधूनमधून कुरकुरतो, पण ते मम्मीला सांगू नका.

काल जगज्जेतीशी सामना झाला. हरले. पण पपा, काय ते स्टेडियम! आपलं अख्खं ला दिग बेट आत बसवलं तरी खुर्च्या उरतील. आणि फलकावर तिच्या देशाशेजारी आपलं सेशेल्स! ती उडी मारून फटका मारायची, तेव्हा मी खेळायचं सोडून बघतच राहायचे.

मध्येच शटलचं एक पीस मोडलं. तुम्ही शिकवलंत तसं मी ते थुंकी लावून सरळ केलं आणि सर्व्हिसला उभी राहिले. पंच म्हणाले, "अहो, नवीन घ्या की!"

मी म्हटलं, "कशाला? अजून दुपारभर चालेल."

सगळे हसले. ती नाही हसली. म्हणाली, "राहू दे. यानेच खेळू."

आणि तो गुण मी घेतला, पपा! तिच्याकडून! लोक उभे राहून ओरडत होते.

इथे पीस मोडलं की शटल थेट कचऱ्यात. मी डबाभर उचलून आणतेय. दोरा आणि डिंक काढून ठेवा, दुरुस्त केली की शाळेच्या हॉलातल्या पोरांना पुरतील. सुईत दोरा ओवता येतो ना हो अजून? डोळे दाखवलेत का?

सगळ्यात वर आहे ते त्या गुणाचं शटल. तेवढं दुरुस्त करू नका.

तुमचीच,
रोझियान