आईच्या शिक्षणाचा रकाना

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा, जेवता का नीट? जेवतो. भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. सरासरी बरी आहे. आईकडे शिवायला आलेले कपडे ज्याचे त्याला परत केले. एक सदरा एकाच बाहीचा राहिला होता, तोही दिला. खोली आता रिकामी दिसते. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझी नेहमीची तक्रार होती की संध्याकाळी आई फोन उचलत नाही. मी सांगायचो, गिऱ्हाईक आलंय. ते खोटं होतं. दोन वर्षं ती रोज सहा ते आठ शाळेत जात होती. पाण्याच्या टाकीमागच्या शाळेत मोठ्या माणसांचा दहावीचा वर्ग भरतो, तिथे. नववीतून तिचं नाव काढलं होतं, हे तुला माहीत आहे. वर्गात दवाखान्यातली एक आया होती, एक ट्रक ड्रायव्हर होता. बाकं लहान मुलांची. ड्रायव्हरचे गुडघे आत मावत नसत, तो आडवा बसायचा. आई त्याला म्हणायची, "भाऊ, गाडी जरा नीट लावा." घरी येऊन हे सगळं मला सांगायची. तुला मात्र सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पास झाले की मीच सांगेन, म्हणायची.

बाकीचे विषय पहिल्या फटक्यात निघाले, गणित राहिलं. मी जन्मभर ऑफिसात नकाशे काढले, म्हणून भूमिती मी शिकवायला घेतली. तिच्या आकृत्या बघून चक्रावलो. रेघ सरळ, कोन नेमका, पण प्रत्येक बाजू सेंटिमीटरभर जास्त. सहाची सात, आठची नऊ. विचारलं तर म्हणाली, "शिवणीत जाईल की तेवढं." तीस वर्षं मापाबाहेर थोडी माया सोडून कापड कापलेलं, हात ऐकेना. मी म्हटलं, अगं, हा त्रिकोण कुणाला घालायचा नाहीये. तर म्हणे, "मग माप कशाला घ्यायचं?" एकदा मी चिडून पट्टी आपटली. ती सगळं खोडून पुन्हा काढत बसली. ते मला हल्ली फार आठवतं.

दुसऱ्यांदा पेपरला निघताना तिने गळ्यातली टेप काढून खुंटीला लावली. म्हणाली, "ही गळ्यात असली की हात हिचंच ऐकतो." परत आली ती सांगतच, सगळ्या आकृत्या मापात. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी ती गेली. टेप खुंटीलाच आहे. मी हलवलेली नाही.

मंगळवारी निकाल लागला. वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. गणितात त्रेचाळीस. पास झाली ती. आया डोळे पुसत राहिली. ड्रायव्हर बाकातून उठून उभा राहिला, आणि बराच वेळ बसलाच नाही.

आता हे तुझ्यापासून का लपवलं, ते. तू सातवीत असताना शाळेचा एक फॉर्म सहीसाठी आणला होतास. 'आईचे शिक्षण' या रकान्यात तू 'दहावी पास' लिहिलं होतंस, आणि सही होईपर्यंत त्यावर हात ठेवून उभी होतीस. तिने बोटांच्या फटीतून वाचलं. थोडं लागलं असेल, पण मला सांगताना हसत होती. "लेकीने मला परीक्षेशिवाय पास करून टाकलं. आता तिला खोटं कशी पाडू?" रागावली नव्हती ती, कधीच नाही. तेव्हा तूही मनाला लावून घेऊ नकोस. सांगायचं तिने ठरवलं होतं, ते मी सांगितलं, एवढंच. प्रमाणपत्र घ्यायला घरच्या माणसाने अर्ज भरून द्यावा लागतो. तो कोरा आणून तिच्या मशीनवर ठेवलाय. त्यात 'उत्तीर्ण परीक्षा' असा एक रकाना आहे. माझं अक्षर चांगलं आहे, तरी तो मी भरणार नाही. सुट्टी मिळाली की ये. तू लिही, मी शेजारी बसतो. या वेळी वर हात ठेवू नकोस.

तुझाच,
बाबा