जागा फार छान दिसू लागल्याबद्दल

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी घाबरलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? मामींचा राग उतरला असल्यास त्यांनाही नमस्कार (नसल्यास तूर्त तुमच्यापाशीच ठेवा). आम्ही सारे खुशाल आहोत असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

दुकानामागचा मोकळा भूखंड आठवतो ना, जिथे मागच्या खेपेला तुम्ही नाक दाबून उभे होतात? मालकांनी तो आम्हाला फुकट वापरायला दिला. बांधकाम सुरू होईपर्यंत, आणि कचरा पडू द्यायचा नाही या बोलीवर. हिने तिथे रोपवाटिका थाटली. सायकलींची पंक्चर काढून काय सुटते ते तुम्ही जाणताच, घर आज रोपांवर चालते. इथवर ठीक होते. पण मला मेल्याला स्वस्थ बसवेना. जुन्या चाकांचे कुंपण केले, दोन बाकडी ठोकली, त्यांना हिरवा रंग दिला (ही निळा म्हणत होती, पण ते आता जाऊ द्या). मग संध्याकाळी म्हातारी मंडळी येऊन बसू लागली, पोरे खेळू लागली, आणि समोरच्या घरांची भाडी वाढली. लोक पायावर धोंडा पाडून घेतात. मी तो आधी रंगवून घेतला.

परवा मालक आले. सोबत टेप घेतलेला इंजिनीअर. मालक बाकड्यावर बसले, चौफेर पाहिले आणि म्हणाले, "जागेचं सोनं केलंत हो तुम्ही." इंजिनीअर टोमॅटोच्या रोपांवरून टेप ओढत होता. तेव्हापासून कोणी कौतुक केले की माझे हातपाय गार पडतात. काल एक आजोबा "किती प्रसन्न वाटतं इथं" म्हणाले, तर मी त्यांना जरा हळू बोलायला सांगितले. हिला यातले काही ठाऊक नाही. ती पुढच्या हंगामाचे बी भिजवते आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

आपला, कौतुकाला भ्यालेला,
भाचा

ता. क. : रविवारी मालक जागेला गिऱ्हाईक घेऊन येणार आहेत. तुमचे इमारती पाडायचे काम सध्या जोरात आहे असे ऐकतो. शनिवारी दोन ट्रक राडारोडा इथे आणून ओतलात तर उपकार होतील. विटा, माती, फुटकी मोरी, काहीही चालेल.

ता. ता. क. : राडारोडा टाकायची जागा झाडून, पाणी मारून ठेवली आहे. कडेने झेंडू लावलाय, तो सांभाळावा. एवढी झाडलोट कशाला, असे हिने विचारले. मामा येणार आहेत, असे सांगून बसलो आहे. खरे सांगू? ट्रक नाही आले तरी चालेल. हिला सांगायला तेवढे तुम्ही या.