हवेची सीट आणि आईंची पाठ

१२ जानेवारी, मंगळ.
सुहासने आज राजीनामा दिला. सरकारी नोकरीचा! दुपारी कारखान्यात फोन: "दे दिया, यार." पुढच्या महिन्यापासून मोबाइल फोनच्या नव्या कंपनीत. मला आनंद आणि या माझ्या नवऱ्याला थंडीत घाम. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर मार्चअखेर सोडायचं. गुडगावचा फ्लॅट तयार आहे, सातवा मजला. तयार म्हणजे लिफ्ट आहे, नळ आहेत, पाणी येईल असं म्हणतात.

जेवताना सासूबाईंना सांगितलं. आईंनी शांतपणे ताकभात कालवला, एक घास खाल्ला, मग म्हणाल्या, "छान झालं. मी सांगलीला शोभाकडे जाते."
शोभा म्हणजे माझी नणंद. सुहासचं तोंड बघण्यासारखं झालं.

१४ जाने., गुरु.
संक्रांत. तिळगूळ दिला तरी आई गोड बोलायला तयार नाहीत. पण त्यांचं म्हणणं खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी बसच्या पायरीवरून पडल्या, तेव्हापासून कमरेची चकती सरकलेली. घरात हिंडतात-फिरतात, जिना सावकाश उतरतात, पण गाडीत बसवलं की प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांत पाणी. इथे त्यांना गाडी लागत नाही. भाजीवाला दारात, डिस्पेन्सरी समोर, खालच्या मजल्यावर केरळच्या कुट्टी मावशी. आई आणि कुट्टी मावशी ज्या हिंदीत तासन् तास बोलतात ती हिंदी दोघींशिवाय कुणाला कळत नाही.

"गुडगावला गाडीशिवाय काय आहे गं?" आई म्हणाल्या. "डॉक्टरला गाडी, कोथिंबिरीला गाडी. मी सातव्या मजल्यावर बसून मोर मोजू का?"
मी तिळगुळाचा डबा पुन्हा पुढे केला.

बावीस वर्षांची आले या घरात. माझ्या आईपेक्षा जास्त वर्षं यांच्याबरोबर काढली. भांडले किती, हसले किती. त्या गेल्या तर त्या फ्लॅटमध्ये मी कुणाशी भांडू?

२० जाने., बुध.
आज कारखान्यात धाडस केलं. मेहरा साहेबांना (माझे बॉस) म्हटलं, हवेची सीट मला घरी न्यायची आहे.

हवेची सीट म्हणजे माझं दीड वर्षाचं लेकरू. गाड्यांच्या सीटा तर आम्ही बनवतोच. या सीटच्या पाठीत चपट्या पिशव्या आहेत, एकावर एक. छोटा पंप त्यांत हवा भरतो, खालून वर, एकेक करून. एक फुगते, दुसरी बसते. जसं कुणी तळहाताने कंबर चेपत वर जावं. परदेशातल्या बड्या गाड्यांत असते. मला ती आपल्या छोट्या गाडीत बसवायची आहे. मीटिंगमध्ये सगळे हसले होते.

तीन सीटा तीन घरच्या गाड्यांत लावून बघायच्या असं आधीच ठरलेलं. एक मेहरा साहेबांच्या, एक आमच्या टीममधल्या गुलाटीच्या, तिसरी कुणाची ते ठरायचं होतं. "आपकी सासू माँ पे टेस्ट करेंगी?" साहेब म्हणाले. "हिम्मत है." मार्चच्या मध्यावर रिपोर्ट. त्यावर सीट जगणार की गोदामात जाणार ते ठरेल.

आईंना अजून सांगितलेलं नाही.

३० जाने., शनि.
सीट बसली! ड्रायव्हरच्या शेजारची. काल कारखान्यात चाचणीच्या स्टँडवर मी स्वतः तासभर बसून पाहिली, झकास चालली, डुलकीच लागायची बाकी होती. आज मला सुटी नव्हती, दुपारी सुहास गाडी घेऊन गेला, आणि घरी पोचला संध्याकाळी, चेहऱ्यावर मोठ्ठं हसू. कारखान्यातून थेट करोल बागला जाऊन सगळ्या सीटांना कव्हरं शिवून आणली. मरून रंग, मऊ कापड, खाली फोमचा थर, कडेला पांढरी पट्टी. "आईसाठी सरप्राइज."
या माणसाला सरकारने सोडलं हे सरकारचं नुकसान आहे. पण कव्हरं खरंच छान आहेत. इतकी ताणून बसवलीत की एक सुरकुती नाही. मी कौतुक केलं.

आईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फुगे? पाठीत?" आणि पुष्कळ हसल्या. मग म्हणाल्या, "उद्या बघू."

३१ जाने., रवि.
काय लिहू.
जवळच्या मुनीरकापर्यंत गेलो आणि परत. बटण दाबलं, पंप घरघरला, फुस्स झालं, पुन्हा घरघर, पुन्हा फुस्स. आईंना पाठीत काही म्हणजे काही लागलं नाही. स्पीडब्रेकर मात्र सगळे लागले. परतताना त्या खिडकीबाहेर तोंड करून बसलेल्या, पदर डोळ्यांना. जिना चढताना तीनदा थांबल्या. वर आल्यावर म्हणाल्या, "वैशाली, तुझी हौस झाली ना? आता मला जाऊ दे."
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ फेब्रु., सोम.
पंप बदलला. फुस्स.

१२ फेब्रु., शुक्र.
सीटच्या मागची चेन उघडून सगळ्या नळ्या तपासल्या. गळती नाही. वायरिंग ठीक. बॅटरी ठीक. मेहरा साहेबांच्या गाडीतही तेच रडगाणं. म्हणाले, "मेरी मिसेज़ कहती हैं टायर पंक्चर है, उतर के देखो." गुलाटीने तर बटणच दाबायचं सोडून दिलंय.
स्टँडवर चालते, गाडीत चालत नाही. तिन्ही गाड्यांत नाही. गाडीच्या धक्क्यांनी झडपा वेळेआधी उघडत असतील का? पिशवीत दाब पुरेसा झाला की झडप उघडून हवा सोडते, तो फुस्स आवाज तिचाच. म्हणजे दाब होतोय. मग पिशवी फुगत का नाही? डोकं चालेनासं झालंय.

आईंनी सांगलीचं तिकीट काढायला लावलं. २१ मार्च, रविवार. सुहास रांगेत उभा राहून काढून आला. तिकीट फ्रिजवर, चुंबकाखाली.

२० फेब्रु., शनि.
घरात खोकी यायला लागली. आईंनी आपलं सामान वेगळं काढलंय, हसतमुखाने. भांडी वाटून टाकताहेत: कुकर मला, पितळी डबा कुट्टी मावशींना. पोळपाट मात्र सांगलीच्या खोक्यात. तो त्यांच्या लग्नातला, सागवानी, मधोमध झिजून खोलगट झालेला. मला कधी वापरू देत नाहीत, माझ्या पोळ्यांचे नकाशे होतात म्हणून.
कुट्टी मावशी डबा घेऊन रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला.

२७ फेब्रु., शनि.
होळी यायची आहे आणि कॉलनीतली पोरं आतापासून सुटलीत. सेक्टरच्या तोंडाशी खिडकी उघडी राहिली आणि रंगाचा फुगा थेट आत. मरून कव्हरावर हिरवं तळं. सुहास किंचाळला, जणू त्यालाच लागला.

१ मार्च, सोम.
देवा! देवा! देवा!

काल सुहासने सगळी कव्हरं उतरवून भिजत घातली. आज सकाळी मला गुडगावला कारखान्यात सोडायला निघाला, मी शेजारच्या सीटवर. वाटेत महिपालपूरच्या गर्दीत अडकलो. चाळा म्हणून बटण दाबलं. आणि कमरेत कुणीतरी हळूच तळहात ठेवला. मग जरा वर. मग आणखी वर.
मी किंकाळी फोडली. सुहासने ब्रेक मारला, मागच्या ट्रकवाल्याने आमच्या सात पिढ्या काढल्या.
"कव्हर!" मी म्हटलं. "अरे मेल्या, कव्हर!"
एवढं घट्ट कापड वर ताणलेलं, पिशवीला फुगायला जागाच कुठली? जरा हवा गेली की दाब वाढणार, झडपेला वाटणार काम झालं, आणि फुस्स. महिनाभर मी सीट मागून उघडत होते, पुढून एकदाही नाही. कव्हर आहे हे दिसतच नव्हतं. दिल्लीत सीटला कव्हर असतंच, माणसाला कातडी असते तसं.

साहेबांकडे धावत गेले. "आपकी गाड़ी में कवर है?"
"सबकी गाड़ी में है. नंगी सीट पे कौन बैठता है?"
गुलाटीचं तर कव्हर, त्यावर टॉवेल, त्यावर लाकडी मण्यांची चटई! गुलाटीने लाजून कान पकडले. आम्ही सगळे हसून हसून खाली बसलो. इतके शिकलेले इंजिनियर, आणि स्टँडवर तपासलेली सीट स्टँडवरच चालते हे कुणाला सुचलं नाही.

आईंना फोनवर सांगितलं. "बरं," म्हणाल्या. एवढंच.

३ मार्च, बुध.
होळीचा रंग कानामागे अजून आहे. मेहरा साहेबांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला सांगून टाकू, कव्हर लावू नका. मी म्हटलं, सर, दिल्लीत? लोक शोरूममधून गाडी आधी करोल बागला नेतात, मग देवळात. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर. तुम्ही स्वतः काढाल? साहेबांनी चहा मागवला.
कव्हर असणारच. मग असं कव्हर हवं ज्यात पिशवीला हलायला जागा असेल. आणि ते आपणच सीटबरोबर द्यायचं.

५ मार्च, शुक्र.
सुचलं, चहा गाळताना. ब्लाउजच्या बगलेत कळी घालतात, हात वर जावा म्हणून! तशीच कव्हराला दोन्ही कडांना, जादा कापडाची. फोमचा थर काढून टाकायचा.

संध्याकाळी मरून कव्हर उसवून बसले. आई पलंगावरून बघत होत्या. बराच वेळ बघू दिलं. मग राहवेना त्यांना.
"ते टाके आहेत की मुंग्यांची रांग?"
"तुम्ही घाला मग."
"मी कशाला? माझा काय संबंध तुझ्या फुग्यांशी." आणि चष्मा मागितला.
दोन्ही कळ्या त्यांनीच बसवल्या, पाठीला उशी लावून, मध्ये मध्ये पडून विश्रांती घेत. मी सुईत दोरा ओवून देत होते. तिकिटाबद्दल कुणी काही बोललं नाही. फार बरं वाटलं आज, उगाच.

१३ मार्च, शनि.
कव्हर चढवून दोन दिवस मी आणि सुहास आलटून पालटून बसलो. चालतंय. नंग्या सीटइतकं जोरात नाही, पण पोचतंय.
आईंना विचारायची हिंमत होत नव्हती. पुन्हा तेच झालं तर? सकाळी त्याच म्हणाल्या, "माझे टाके टिकलेत का ते बघायला हवं."

कुट्टी मावशी गॅलरीत हात जोडून उभ्या. सुहास बैलगाडी हाकावी तशी गाडी हाकत होता. मी मागे, आईंच्या मानेकडे डोळे लावून. पहिल्या खड्ड्याला मान ताठ. दुसऱ्यालाही. वसंत विहारच्या सिग्नलला खांदे जरा उतरले. मुनीरकाहून मागे वळवू का, सुहासने विचारलं. आई समोरचा रस्ता बघत होत्या. त्याने सरळ नेली. महिपालपूरहून परत फिरलो. आई अख्ख्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मी नखं खाऊन संपवली.
घरासमोर गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "एवढ्यात आलं?"

दुखलं का विचारलं. "दुखणार नाही तर काय? दुखलं. पण रडू नाही आलं."
जिना चढताना एकदाच थांबल्या. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून घेतलं.

१६ मार्च, मंगळ.
मीटिंग. रिपोर्ट वाचला, कळीचं कव्हर दाखवलं. वरचे साहेब सीटवर बसले ते उठेनात. तरी निकाल नाही. "अप्रैल में फिर बैठेंगे." गोदामात मात्र गेली नाही. मेहरा साहेबांच्या मिसेजना तसलं कव्हर हवंय, टायरची शंका फिटली म्हणे.

घरी सांगलीचं खोकं तसंच, दोरीने बांधलेलं. सुहास म्हणाला, आईला विचार ना. मी म्हटलं, तुझी आई आहे, तू विचार. कुणीच विचारलं नाही.

१८ मार्च, गुरु.
पाडवा. गुढी नव्या घरी उभारायची ठरलं. आई म्हणाल्या, "मी येते. बघून तरी जाते कसं आहे." निघताना हातात जड कापडी पिशवी. मी घ्यायला गेले तर दिली नाही, मांडीवरच ठेवली. सीट अख्खी वाट चालू. महिपालपूरच्या पुढे मोहरी कापलेली शेतं, मध्येच अर्धे बांधलेले टॉवर. आई बघत होत्या.

सातव्या मजल्यावर वारा असा की गुढीची साडी घट्ट बांधावी लागली. पाणी आलं! आईंनी पिशवीतून पोळपाट काढला. खोकं सोडलं कधी, देव जाणे. "पुऱ्या काय हवेत लाटणार?" श्रीखंड-पुरी झाली. मग त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. खाली खरंच मोर होते. "तीन," म्हणाल्या.

संध्याकाळी निघालो. गाडी गेटबाहेर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आईंच्या मांडीवर पिशवी नुसतीच, घडी घातलेली.
"आई, पोळपाट वर राहिला. सुहास, गाडी वळव."
"राहू दे," आई म्हणाल्या. "ते बटण दाब आधी."

इथे क्वार्टरवर येऊन उपड्या ताटावर पोळ्या लाटल्या. माझे नेहमीचे नकाशे. आईंनी दोन खाल्ल्या, नावं ठेवली नाहीत. तिकीट रविवारचं आहे. अजून फ्रिजवरच आहे.