दुसरी साक्ष

८ डिसेंबर १९४३
पोहोचले एकदाची! कर्जतपर्यंत कोळशावर चालणारी मोटार. चढ आला की सगळे उतरून ढकलत होते. पुढे बैलगाडी. पण तलाव दिसला आणि शीण उतरला. इतकी पाखरे की पाणीच चालते आहे असे वाटावे. आबासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वडिलांचे स्नेही. वीस हिवाळे त्यांनी इथल्या पक्ष्यांची वही ठेवली आहे. आता मोतीबिंदूमुळे दिसत नाही, म्हणून लिहायला मला बोलावले. मी शाळेत कधी गेले नाही. वडिलांनी घरी शिकवले तेवढेच. हातून चूक होऊ नये, एवढेच मागणे. त्यांच्या बहीण मालनबाईंनी आल्या आल्या गरम भाकरी वाढली.

१२ डिसेंबर
वहीचा नियम कडक आहे. दोघांनी पाहिला तरच पक्षी लिहायचा. एकट्याने पाहिलेला पक्षी आलाच नाही असे धरायचे. एक साक्ष माझी, दुसरी शरिफाची. शरिफा ही तलावाचे राखणदार इब्राहिम यांची मुलगी, माझ्याच वयाची. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, सगळे तीच आधी पाहते. मी दुर्बीण लावेपर्यंत ती मोजून मोकळी. आज म्हणाली, "ताई, तुमी लिवायला मान खाली घालता, तवर पाखरू कर्जतला जाऊन येतं." आबासाहेब खो खो हसले. मीही हसले.

१९ डिसेंबर
यंदा वही मुंबईला छापायला जाणार. तलावावर पूर्वी न आलेला पक्षी ज्याने प्रथम पाहिला, त्याचे नाव पक्ष्यापुढे छापतील. शरिफाला स्वतःचे नाव लिहिता येत नाही. ते मलाच लिहावे लागेल, सुवाच्य अक्षरात. आबासाहेब आज तिला म्हणाले, "तुझे डोळे मला दे गं पोरी." मला म्हणाले, दौत भरून ठेव. असे मनात येणे वाईट आहे. तरी येते.

२४ डिसेंबर
सकाळी शरिफाने माझा दंड धरला. पलीकडच्या काठाला एकटाच पक्षी. पांढराशुभ्र, माणसाच्या छातीइतका उंच, चेहरा रक्तासारखा लाल. वीस वर्षांत असा इथे आलेला नाही. मी दुर्बिणीतून नीट पाहिला, त्याच्या पिवळ्या डोळ्यासकट पाहिला. आबासाहेबांनी कापऱ्या आवाजात विचारले, दिसला का? मी म्हटले, नाही. बगळा असेल.
शरिफा भांडली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, त्यो तर तुमच्याकडंच बगत हुता."
वहीत लिहिले: दुसरी साक्ष नाही. अक्षर जराही हलले नाही.

२६ डिसेंबर
तो आज पन्नास पावलांवर. मी ओरडलेच, हा बघा! शरिफाने दुर्बीण लावली, काढली, डोळे पुसले. तिला काही दिसेना. सूड म्हणावा, तर तिने अल्लाची शपथ घेतली आणि रडवेली झाली. तिची नजर त्याच्यातून आरपार लव्हाळ्यावर जात होती. नोंद झाली नाही. होणार कशी?

२९ डिसेंबर
तो अंगणात आहे. मालनबाई त्याच्या पायांमधून सडा घालत होत्या. पायांवर एक थेंब उडाला नाही. बोलून कोणाला दाखवू?

१ जानेवारी १९४४
मालनबाईंनी दोनच पाने मांडली. मी विचारले तेव्हा दचकल्या. "अगबाई, तू होतीस होय!" मी त्यांच्या समोरच उभी होते. मघापासून —

३ जानेवारी
तिसरे पान नाहीच. आबासाहेब म्हणत होते, मुलगी न सांगता निघून गेली, तिच्या वडिलांना कळवायला हवे. मी त्यांच्या हाताला हात लावला. माशी उडवावी तसा त्यांनी झटकला.
मग मोठ्याने सगळे सांगितले. मी पाहिला होता. शरिफाने आधी पाहिला. तिचे नाव छापा. पुन्हा पुन्हा —
कोणी मान वळवली नाही. त्याने वळवली.

५ जानेवारी
काठावर बसून लिहिते आहे. तो शेजारी. हात लांबवला तर लागेल.
समोर शरिफा दुर्बीण फिरवते आहे — थांबली. माझ्यावर. मी हात हलवला. देवा, तिने आबासाहेबांची बाही ओढली. इथवर ऐकू येते — "आबा, लव्हाळ्यात कायतरी हाय. बाईमानसावानी."
ते विचारतात, आणखी कोणी पाहिले?
ती इकडेतिकडे बघते. "न्हाई. ताई असत्या तर —"
मग सोड, ते म्हणतात.
ती दुर्बीण खाली घेते आहे — शरिफा, थांब — दुसरी मी आहे ना, मी पाहते आहे, मी मला —