साप कुठे ठेवलास?

शिकागो, ऑक्टोबर १९८४

तीर्थरूप अक्का हिला नंदाचा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, तरी तुझ्यासाठी वाकले.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की विडी अजून चालूच? इथे सगळे धडधाकट. उल्हासच्या बायकोचं, नीलाचं, बाळंतपण उरकलं, मुलगा आहे, रडतो. मी परत निघणारच होते, पण एक काम निघालं.

उल्हासची थोरली दीपा शनिवारी सकाळी उठली की टीव्हीसमोर. चित्रं पळतात, पडतात, डोक्यात हातोडे बसले तरी उठतात. आपल्या लग्नांच्याही आधीची आहेत म्हणे. त्यात चिनी माणूस आला की नुसते दात, काळी बाई आली की नुसता झाडू, आणि आपला माणूस आला की पागोटं, लंगोट अन् पुंगी, वर साप त्यालाच गुंडाळतो. (इतक्या वर्षांत त्याला कुणी एक सदरा दिला नाही.) शाळेतली पोरं हेच बघून दीपाला विचारतात, साप कुठे ठेवलास? तर ही आठ वर्षांची बया सांगून आली, आम्ही इटलीचे. झालं. शाळेत आपापल्या देशाचा खाऊ आणायचा दिवस ठरला आणि तिच्या बाईंचा फोन आला, इटलीचं काहीतरी करून पाठवा. ज्याच्या इंजिनीअरिंगपायी आपल्या दोघींची शाळा सुटली तो उल्हास म्हणतो, "ताई, पिझ्झा ऑर्डर करू यार, उगाच प्रॉब्लेम नको." मी म्हटलं, प्रॉब्लेम मी आहे आणि मी उद्या शाळेत येते.

डेव्हन म्हणून रस्ता आहे, तिथल्या आपल्या लोकांच्या दुकानातून चणाडाळ आणि गूळ आणवला (गूळ कसला, दगडच, उल्हासच्या हातोडीने फोडला). पोळ्या केल्या. हिरवं नऊवारी लुगडं नेसले, वर नीलाचा कोट, पायात उल्हासचे बूट. दीपा म्हणाली, "आत्या, प्लीज, तू गाडीतच बस." मी उतरले. तडक वर्गात शिरले. एका पोराने माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, ही कोण? अक्का, मला इंग्रजी येत नाही, पण बोट कळतं. डब्याच्या झाकणावर हात ठेवून मी थांबले. दीपा माझ्या बुटांकडे बघत राहिली, बघत राहिली, मग म्हणाली, "माय आत्या." इटालियन? "नो. इंडियन." मग त्याने हाताचा फणा करून सापाचं विचारलंच. मी म्हटलं, सांग त्याला, मला बघून पळाला. तिने सांगितलं. तिच्या बाई स्वतः काळ्या आहेत, त्या सगळ्यांत जास्त वेळ हसत होत्या. डबा रिकामा झाला.

शाळेत अजून बरेच वर्ग बाकी आहेत. मी सगळ्यांत जाणार.

तुझी,
नंदा

ता. क. नाताळपर्यंत मी येत नाही, हे आमच्या ह्यांना तूच घरी जाऊन सांग. (पत्र त्यासाठीच लिहिलं.) स्वयंपाक येत नाही म्हणतील. शिकतील.

ता. क. शनिवारी आता मीही टीव्हीसमोर बसते. शिव्या द्यायच्या तर नीट बघायला नको? (हातोडा बसला की हसू येतं, ते वेगळं.)

ता. क. वर्गाने माझं चित्र काढून पाठवलंय. जाडी बाई, मोठे बूट, हातात लाटणं, पुढे साप पळतोय. कडेला पुंगीवाला आहे, त्याला दीपाने सदरा घातलाय. नाक मात्र माझं फार मोठं काढलंय. सोमवारी त्याबद्दल बोलायला शाळेत जाणार आहे.