नाइन एमएमचं पॉइंट थ्री टू

१३ सप्टेंबर, शनिवार
आज शूटिंग क्लबमध्ये निर्णय झाला. म्हणजे मी घेतला. ५ ऑक्टोबरला मधुमतीची मॅच. बँकॉकला जाणाऱ्या टीममध्ये एकच जागा उरलीय आणि माझी बायको तीन वर्षं त्या जागेच्या मागे आहे. तिचं पिस्तूल पॉइंट थ्री टू बोअरचं. बाहेरून येणारी काडतुसं बोटीवर अडकली. क्लबच्या खोलीत काडतुसं पुन्हा भरायचं प्रेस आहे, पण ते नाइन एमएमवर लावलेलं. क्लबची हत्यारं सांभाळणारे आर्मरर मिस्टर लिम (सत्तरीचे, आर्मीतून रिटायर) म्हणाले, आय चेंज फॉर हर, टू डेज, कॅन. मी म्हटलं, अंकल, मी इथे सिंगापुरात, चांगी बिझनेस पार्कात अख्ख्या बँकेच्या सिस्टिम्स वीकेंडला बदलतो. हे चाळीस मिनिटांचं काम. मॅन्युअलमध्येच लिहिलंय.
मधुमती म्हणाली, लिमना करू दे. भिडस्त आहे. मला त्रास नको म्हणून म्हणते.

१४ सप्टेंबर
एक्सेलमध्ये प्लॅन केला. बेचाळीस ओळी. रोलबॅक प्लॅन (बिघडलं तर पूर्ववत करायचा): गरज नाही. ऋग्वेदा (वय बारा) बघून म्हणाली, पापा, वन मशीन ओन्ली, लाह. मुलांना प्रोसेस कळत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
प्रेस सोपं आहे. लिव्हर ओढला की गोल प्लेट एक घर पुढे सरकते. एका घरात काडतुसाच्या बुडाची ठिणगी पाडणारी जुनी टोपी निघते, पुढे नवी बसते, मग पावडर, मग गोळी. फक्त प्रत्येक घराचा भाग बदलायचा. बदलला. पाच तास. एक स्प्रिंग उडाली. लिमच्या कोपीत, म्हणजे इथल्या कॉफीत, सापडली. ते दुसरी कोपी आणायला गेले. उद्यापासून पहाटे उठून मॅन्युअल वाचणार.

२७ सप्टेंबर, शनिवार
मॅन्युअल वाचायला वेळ झाला नाही. प्लेट एक घर पुढे बसली होती. चार रिकामी काडतुसं पापडासारखी चपटी झाली. डायग्राम चुकीचा आहे. कंपनीला मेल लिहिणार.
पावडर कमी पडली की वाजणारा एक अलार्म आहे, तो उगाच बोंबलत होता. काढून ठेवला. फेज टूमध्ये लावू. लिमनी विचारलं, तेव्हा सांगितलं, लावतोय. संध्याकाळी दहा काडतुसं भरून वजन केली. तंतोतंत! मधुमतीला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
हाफ डे घेतला. इथल्या कायद्याने घरी काडतूस काय, त्याचं रिकामं कवचही आणता येत नाही, मग पूजा क्लबमध्येच करायची. हळद, कुंकू, अक्षता ऑफिसच्या डब्यातून नेल्या. लिमना सांगितलं, आमच्यात आज हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, राइस डोन्ट पुट ऑन मशीन, हां. ते वळल्यावर चार अक्षता वाहिल्याच. कोरडी पूजा काय कामाची? उदबत्ती मात्र लावली नाही. सेफ्टी म्हणजे सेफ्टी.

४ ऑक्टोबर, शनिवार
दोनशे काडतुसं भरली! लिव्हर मध्येमध्ये अडत होता. जोर लावला. लिम म्हणाले, दर दहातलं एक वजन करायचं. दहा तर मागच्या आठवड्यातच केली होती. इंजिनिअरने स्वतःवर किती वेळा शंका घ्यायची? मधुमती बराच वेळ काडतुसांच्या डब्याकडे बघत राहिली. भारावली होती.

५ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ३
तिसाव्या शॉटपर्यंत मधुमती चार पॉइंटांनी पुढे. एकतिसावा नुसता फुस्स. गोळी नळीतच अडकली. रेंज ऑफिसरने थांबवलं. पिस्तूल बाद, डबा जप्त. जागा दुसऱ्या नंबरवरच्या जोआनला गेली.
लिमनी सगळ्यांसमोर उरलेली काडतुसं उघडली. निम्म्यांत निम्मीच पावडर. मग प्रेस उघडलं. पावडर पडते त्या तोंडाशी तीन पिवळे तांदूळ चिकटलेले. लिमनी तळहातावर धरून विचारलं, दिस वन व्हॉट? मी म्हटलं, ह्युमिडिटीचा परिणाम असावा.
हौगांगला घरी येताना मधुमती एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, दुसऱ्या डब्यात बसली. खेळाडू मॅचनंतर असेच असतात.

७ ऑक्टोबर
क्लबचं पत्र. मला प्रेसच्या खोलीत यायला बंदी. अपील लिहिलं, दीड पान. मुद्दा एक: पावडरच्या तोंडाला झाकण नसणे हा डिझाइनचा दोष. मधुमतीला वाचायला दिलं. तिने स्पेलिंगच्या दोन चुका सुधारून परत दिलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास होता, ह्याचंच मला जास्त वाईट वाटतंय.
मधुमती म्हणाली, नव्हता. पहिल्याच आठवड्यात लिम मला म्हणाले होते, गुपचूप वेगळी भरून देतो. मीच नको म्हटलं. तुला कळलं असतं, तर तू सहा महिने आमच्याशी बोलला नसतास. बँकॉक तीन दिवसांचंच होतं.
मी म्हटलं, मी असा नाहीच मुळी.
ऋग्वेदा समोरच बसली होती. तिने आईच्या ताटात भात वाढला.